चौथा रकाना

सचिवांनी बांधायला दिलेल्या रजिस्टरचा चौथा रकाना वाचला आणि माझं डोकंच फिरलं. पहिला रकाना नावाचा, दुसरा पत्त्याचा, तिसरा व्यवसायाचा. तेवढं मी एक वेळ नाक मुरडून गिळलंही असतं. चौथ्यावर छापलं होतं, 'येण्याचा उद्देश'. वाचनालयात माणूस कशाला येतो? पोहायला?

"चार दिवसांत हवंय, बाई," सचिव म्हणाले. "काळं कापड, सोनेरी अक्षरं. दारातच टेबलावर ठेवणार आहोत."

"आणि कुणी उद्देश नाही लिहिला तर?"

"तर आत सोडायचं नाही. सोपं आहे."

मी बाइंडर. वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, माझी खोली आहे. एक लांब टेबल, एक दाबयंत्र, एक कटिंग मशीन जे माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे, आणि भिंतीला टांगलेल्या सुया, दोरे, हाडाच्या पट्ट्या. आधी ही खोली बाबांची होती. चौदाव्या वर्षी माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्या हाताखाली आले. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात सात सचिव पाहिले. काही चांगले होते, काही नुसते होते. हे आठवे. यांना दीड वर्ष झालंय आणि यांना सगळं मोजायचं असतं.

रजिस्टर बांधून व्हायचं होतं, पण सोमवारपासून दारात सुटे कागद ठेवून विचारपूस सुरू झालीच होती. त्याच दिवशी दुपारी तीनला लाँड्रीतली मावशी आली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुणारी, हातांची कातडी कायम सुरकुतलेली. पाळी संपली की ती येते, खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि समुद्रातल्या माशांचं एक मोठं पुस्तक काढते. दिवसाला एक पान वाचते. बोट ठेवून, ओठ हलवत. नव्वदाव्या पानापर्यंत पोहोचली आहे. टेबलापाशी बसवलेल्या माणसाने तिच्यापुढे कागद सरकवला. तिने चारही रकाने पाहिले, पेन हातात घेतलं, चौथ्यावर थांबली. मग पेन खाली ठेवलं, "राहू दे," म्हणाली आणि उलट्या पावली गेली. मी खोलीच्या दारातून हे पाहत होते. तिला हाक मारायला हवी होती. माझ्या हातात खळीचा ब्रश होता आणि तोंडातून शब्द निघाला नाही. याची मला आजही लाज वाटते.

मी तशीच खळीच्या हातांनी सचिवांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, या वाचनालयात आत येणाऱ्याला कशाला आलात असं विचारायचं नाही. ही अट आहे. नर्सबाईंची."

नर्सबाई म्हणजे ज्यांची ही इमारत. त्या हॉस्पिटलात मोठ्या नर्स होत्या. एकट्या होत्या. राहतं दुमजली घर त्यांनी वाचनालयाला दिलं, स्वतःची पुस्तकं दिली, आणि देताना काही अटी घातल्या. त्या अटींची एक पाटी दाराच्या आत होती, निळ्यावर पांढरी. मागच्या वर्षी रंगकाम झालं तेव्हा ती उतरवली, ती पुन्हा चढलीच नाही.

"बसा," सचिव म्हणाले. हा माणूस ओरडत नाही, हाच त्याचा त्रास. "त्या बाईंच्या काही इच्छा होत्या. इच्छांचा आपण आदर करतो. पण खालची खोली दिवसभर अडकून पडते आणि तिथे निम्मे लोक वाचायला येत नाहीत, नुसते बसायला येतात. हे मी समितीला रजिस्टरवरून दाखवणार. मग ती खोली सभा-संमेलनांना देता येईल. वाचकांसाठी वरचा कोपरा आहेच."

"इच्छा नव्हत्या. अटी होत्या. पाटी होती."

"पाटी कुणीही रंगवतं, बाई. कागद दाखवा. मूळ दस्त इंग्रजीत होता म्हणतात. त्यात नेमका काय शब्द होता, आज कुणाला ठाऊक आहे? मी कपाटं उपसली. नोंदणी कार्यालयात माणूस पाठवला. ते म्हणतात, साल आणि दस्त क्रमांक आणा, नुसत्या नावावरून इतकी जुनी फाईल निघत नाही. मग?"

"मला ठाऊक आहे तो शब्द," मी म्हणाले. "स्टिप्युलेशन्स."

सचिवांच्या भुवया वर गेल्या. खळीने माखलेल्या हातांच्या बाईच्या तोंडी तो शब्द त्यांना अपेक्षित नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मी बाहेर आले.

बाहेर व्हरांड्यात नर्सबाईंचे अकरा खंड सुतळीने बांधून ठेवलेले दिसले. त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली आरोग्याची मासिकं. त्या गेल्या त्याच्या तीनेक वर्षं आधी बाबांनी आणि मी ती बांधली होती. हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं, बाबांचं सगळ्यात देखणं काम. वर चिठ्ठी होती, 'रद्दी. शनिवारी गाडी'. मी सुतळी सोडली आणि दोन खेपांत अकराही खंड माझ्या खोलीत आणले. कुणी विचारलं असतं तर 'उद्देश, राग' असं लिहून दिलं असतं.

मग स्टुलावर बसून डोक्याला ताण दिला. हा शब्द मला कुठून आला?

तो आला होता माझ्या वहीतून. शाळा सुटल्यावर मी एक वही केली होती. बांधायला आलेल्या कागदांवर जो अडणारा शब्द दिसेल तो तिच्यात उतरवायचा आणि जो शहाणा माणूस समोर येईल त्याला अर्थ विचारायचा. त्या दिवशी शहाणं माणूस म्हणजे नर्सबाई. खंडांचं काम कुठवर आलं ते बघायला त्या पाळी संपवून आल्या होत्या. याच स्टुलावर बसल्या, बूट काढले, पाय लांब केले. मी पंधरा वर्षांची. वही पुढे केली.

"अगं बाई! हा कुठून उचललास?"

"कागदावर होता."

"हं. माझाच असणार," त्या हसल्या. ऑफिसातल्या टेबलावर मी त्यांचा दस्त पाहिला असेल, असं त्यांना वाटलं असावं. "हे बघ. मी तुला म्हटलं, जमलं तर ती खिडकी उघडी ठेव. ही झाली विनंती. तू ठेवशील नाहीतर नाही ठेवणार. आता मी तुला माझं हे पेन देते, आणि देण्याआधी सांगते, खिडकी उघडी राहणार असेल तरच पेन तुझं. लावलीस की पेन माझं. हे स्टिप्युलेशन."

"म्हणजे अटच की."

"अटच. पण आधी ठरवलेली, लिहिलेली, दोघांनी खाली सही केलेली. चहात साखर नको म्हणताना नाही वापरायचा हा शब्द, लोक हसतील. देणंघेणं मोठं असेल, आणि समोरचा उद्या 'आम्ही असं कधी म्हटलं' असं म्हणण्यातला असेल, तिथे वापरायचा. काही लोकांना आपला साधा शब्द ऐकू येत नाही. त्यांच्याकडे तो कोट घालून पाठवावा लागतो."

मी विचारलं, तुम्ही कसली अट घातली? त्यांनी बूट पुन्हा पायात घातले आणि नाडी बांधत सांगितलं. त्या लहान असताना अशाच एका वाचनालयाच्या दारात गेल्या होत्या. दारातल्या माणसाने विचारलं, कशाला आलीस? "माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत जाऊन वाचलं असतं तर कळलं असतं ना, कशाला आले ते. परत गेले. पुढे शिकले, पण ते दार डोक्यातून गेलं नाही." मग म्हणाल्या, "पेन ठेव. खिडकी उघडी ठेव."

पेन कधीच हरवलं. खिडकी मात्र मी अजून लावत नाही, धूळ आली तरी.

पण घोडं पुढे अडलंच होतं. कागदावर होता, असं मी म्हणाले होते. कुठल्या कागदावर? ऑफिसात तेव्हा मला पाय ठेवू देत नसत. माझ्यासमोर कागद यायचा तो एकाच वाटेने, या टेबलावर. आणि टेबलावर इंग्रजी टाइप केलेला कागद यायचा तो एकाच कामासाठी.

इथे थोडं कामाचं सांगायला हवं. पुस्तक शिवून झालं की त्याच्या पाठीवर, कापडी कव्हर चढण्याआधी, कागदाची एक पट्टी चिकटवतात. ती बाहेरून कधीच दिसत नाही. त्यासाठी नवा कागद कुणी घेत नाही. ऑफिसातून वर्षाला एक गठ्ठा यायचा, जुनी पत्रं, बाद झालेले फॉर्म, आणि बाबा त्यातला जाड, चिवट कागद वेगळा काढायचे. बाबांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. ते कागद बोटांनी वाचायचे. पट्ट्या कापायचं काम माझं होतं.

पहिला खंड उचलला. त्याची पाठ एका बाजूने आधीच उसवली होती. कापड हळूच वर केलं आणि आत डोकावले. टाइप केलेली आडवी पट्टी. चार ओळी. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत तोच शब्द होता.

आणि पट्टीची कड तिरकी होती. पंधराव्या वर्षी माझी सुरी डावीकडे जायची. बाबा दर वेळी म्हणायचे, "पोलादी पट्टी धर, पट्टी. सुरी नजरेने चालत नाही." त्यांची स्वतःची कड आरशासारखी सरळ असायची. हा काप बाबांचा नव्हता, माझा होता. वाचनालयाकडचा नर्सबाईंचा दस्त चुकून रद्दीच्या गठ्ठ्यात आला होता आणि मी तो, वाचता वाचता, शब्द वहीत उतरवून घेत, कापला होता.

मी ग्रंथपालबाईंना बोलावून दाखवलं. बिचाऱ्या दोन वर्षांनी निवृत्त होणार, सचिवांसमोर त्यांची पाचावर धारण बसते. त्यांनी चष्मा पुसून पट्टी वाचली. "यात क्रमांक नाही," त्या म्हणाल्या. "क्रमांक शेवटी असतो, शिक्क्यापाशी. तो दुसऱ्या एखाद्या खंडात असेल. किंवा नसेल. आणि तुम्ही हे इथे एकट्याने फोडलंत तर ते म्हणतील, तुम्हीच टाइप करून चिकटवलंत."

बरोबर होतं त्यांचं. फोडायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडायला हवं होतं. शुक्रवारी चारला समितीची सभा होती. म्हणजे सात माणसांसमोर बाबांचं सगळ्यात चांगलं काम फाडायचं आणि वर सांगायचं, वाचनालयाचा दस्त आमच्याच टेबलावर कापला गेला. क्रमांक निघाला नाही तर खोलीही गेली, खंडही गेले, बाबांचं नावही गेलं आणि माझं काम तर गेलंच.

घरी आईला सांगितलं. आई चौऱ्याऐंशीची, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून. ती कोथिंबीर निवडत होती. माझं सगळं ऐकेपर्यंत तिने एकदाही मान वर केली नाही.

"बाबांनी बांधलेलं तू फोडणार?"

"हो."

"आणि तुझ्या हातून कागद कापला गेला ते चारचौघांत सांगणार?"

"सांगावंच लागेल."

"बाबांच्या नावावर खपवता आलं असतं. ते काही उठून यायचे नाहीत भांडायला."

"आई!"

"बघितलं, काय म्हणतेस ते." तिने देठं बाजूला केली. "सुरी लावू नकोस. पाठीच्या पट्टीला त्यांनी सरस कधी वापरला नाही. खळच. मी शिजवायचे ना, मैदा आणि चिमूटभर मोरचूद, कीड लागू नये म्हणून. ते म्हणायचे, उद्या दुसऱ्या कुणा बाइंडरला हे उघडायची वेळ आली तर त्याचे हाल व्हायला नकोत. कोमट पाण्याचं फडकं ठेव, पाच मिनिटं थांब. आपणहून सुटेल."

"नक्की?"

"माझी खळ आहे," आई म्हणाली. "मला विचारतेस?"

शुक्रवारी मी खंड ढकलगाडीवर रचले. वर एक पातेलं कोमट पाणी, चार फडकी, हाडाची पट्टी. पुस्तकं वर न्यायच्या छोट्या लिफ्टने सगळं वर चढवलं. सभेच्या खोलीचं दार ग्रंथपालबाईंनी उघडलं. सचिवांसमोर त्यांनी ते उघडलं, हे मी विसरणार नाही.

लांब टेबलाभोवती सात जण होते. मधोमध अध्यक्ष, डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर, बहुतेक सभांत डुलक्या घेणारे. सचिव उभे राहून सोमवारपासूनचे आकडे वाचत होते. किती आले, किती जणांनी उद्देश लिहिला, किती जण नुसतेच परत गेले. परत गेलेल्यांचा आकडा ते अभिमानाने वाचत होते. मला मावशीची पाठ दिसली आणि उरलीसुरली भीती गेली.

"बाई, सभा चालू आहे," सचिव म्हणाले.

"म्हणूनच आले. तुम्ही म्हणालात, कागद दाखवा. दाखवते. पण आधी एक गोष्ट लिहून घ्या. वाचनालयाकडे नर्सबाईंचा जो दस्त होता तो त्रेचाळीस… नाही, बेचाळीस वर्षांपूर्वी रद्दीच्या गठ्ठ्यात माझ्या टेबलावर आला आणि मी त्याच्या पट्ट्या केल्या. वडिलांनी नाही, मी. त्या पट्ट्या या खंडांच्या पाठीत आहेत. एक उसवलेली होती, ती ही. बाकीच्यांना मी हात लावलेला नाही. कुणीही कापड तपासून बघा."

मग सचिव म्हणाले, "म्हणजे संस्थेचा दस्त नष्ट केल्याची कबुली देताय तुम्ही?"

"कापल्याची. नष्ट झाला की नाही ते आता बघू."

अध्यक्ष जागे होते. त्यांनी खंड हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला, खिशातून भिंग काढलं. "करा," म्हणाले.

दुसऱ्या खंडाचं कापड सोडवून मी फडकं ठेवलं. पाच मिनिटं. सात पुरुष आणि आम्ही दोन बायका एका ओल्या फडक्याकडे बघत बसलो. मग हाडाची पट्टी घातली आणि कागद सुटला. निघालं काय, तर पंखा दुरुस्तीचं पत्र. सचिव हसले. मीही हसले, पण माझं हसू दातांपर्यंतच होतं.

तिसऱ्यात अटींतल्या दोन ओळी निघाल्या. ग्रंथपालबाईंनी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. खालची मोठी खोली सकाळी आठ ते रात्री आठ उघडी राहील, म्हणजे कुठल्याही पाळीच्या माणसाला येता येईल. चौथ्यात काहीच नाही, कोरा कागद. पाचव्यात होती ती. आत येणाऱ्या कुणालाही येण्याचं कारण विचारलं जाणार नाही. ग्रंथपालबाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा आवाज चढवून. एवढ्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला.

"हे तुकडे आहेत," सचिव म्हणाले. "पट्ट्यांवर कोर्ट चालत नाही. सही नाही, शिक्का नाही, क्रमांक नाही."

"थांबा ना," अध्यक्ष म्हणाले. "पाणी गरम आहे अजून."

सहाव्यात पुन्हा पत्र. सातव्यात शेवटची अट. वरच्यापैकी एकही अट मोडली तर इमारत वाचनालयाकडून परत घेतली जाईल आणि हॉस्पिटलच्या नर्सेसच्या वसतिगृहाला मिळेल. हे वाचलं आणि टेबलाभोवतीच्या खुर्च्या कुरकुरल्या. इमारत म्हणजे ही खोली, हे टेबल, सचिवांची केबिन, सगळंच. नर्सबाईंनी पेन परत घ्यायची सोय करून ठेवली होती.

सचिव आता बसले होते. "क्रमांक?" एवढंच म्हणाले.

आठव्या खंडाचं कापड सोडवताना माझ्या बोटांना कळलं, खालचा कागद तोच आहे, तोच जाड, तोच चिवट. बाबांसारखी मीही बोटांनी वाचायला लागले होते. फडकं ठेवलं. पातेल्यातलं पाणी निवत आलं होतं, पाच मिनिटांची सात झाली. मी हाडाची पट्टी घातली.

निम्मा शिक्का. त्याच्याखाली नर्सबाईंच्या सहीची शेपटी. आणि अगदी कडेला, हाताने लिहिलेला क्रमांक आणि साल. पाच आकडे, एक तिरकी रेघ, चार आकडे. पूर्ण.

अध्यक्षांनी भिंग धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. "काप बघा," ते म्हणाले. "सुरी इथे डावीकडे वळली आहे. सरळ गेली असती तर आकड्यांच्या मधून गेली असती."

बाबा, ऐकताय ना? मी मनात म्हटलं. आणि मग माझे डोळे भरले. सात पुरुषांसमोर रडायचं नाही असं घरून ठरवून आले होते, ते काही जमलं नाही. रडत रडतच मी फडकी पिळली.

उरलेले तीन खंड मी उघडले नाहीत. गरज नव्हती.

ग्रंथपालबाई सोमवारी क्रमांक घेऊन नोंदणी कार्यालयात गेल्या आणि दहाव्या दिवशी शिक्क्यानिशी नक्कल घेऊन आल्या. पहिल्या पानावर ठसठशीत शब्द, खाली पाच कलमं, दोघांच्या सह्या. शनिवारची गाडी रिकामी परत गेली होती. निळी पाटी तळघरात सापडली, ती पुन्हा लागली. माझ्यावर ठपका ठेवणारं पत्रही निघालं, सचिवांच्या सहीचं. दस्ताची हेळसांड. मी ते घेतलं. खरंच होतं ते. घरी नेऊन आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "कागद बरा आहे का?"

कागद बरा होता. ठेवलाय.

पुढच्या आठवड्यात सचिव माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. टेबलावर नर्सबाईंचे आठ खंड दाबात होते, नवी पाठ, तेच हिरवं कापड. खळ आईने शिजवून दिली होती.

"ते रजिस्टर," सचिव म्हणाले. "निदान त्याचा कागद परत द्या. महागाचा होता."

"बांधलं की."

"कुठे आहे?"

मी दाबयंत्राकडे बोट दाखवलं. "पाठीत. आठ पट्ट्या लागल्या, उरलेला पुढच्या कामाला ठेवलाय. चिवट कागद आहे, साहेब. पन्नास वर्षं हलणार नाही."

मला वाटलं आता ओरडतील, निदान या एका दिवशी तरी. पण नाही. "चौथा रकानासुद्धा?" त्यांनी विचारलं.

"तो आधी कापला," मी म्हणाले. "पट्टी धरून. सरळ."

ते गेले. मी हात धुतले, गाडी काढली आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीकडे गेले. जे त्या दिवशी जमलं नव्हतं ते करायला. मावशी वाफेच्या खोलीत चादरी ओढत होती. मी तिला फक्त एवढंच सांगितलं की दारातलं टेबल उचललंय. तिने मान हलवली आणि पुढची चादर ओढली. मला वाटलं, काही येत नाही ही.

दुसऱ्या दिवशी तीनला ती आली. पायरीवर थांबली. टेबल जिथे होतं तिथली रिकामी जागा पाहिली, वरची निळी पाटी पाहिली, ओठ हलवत अर्धी वाचली. मी माझ्या दारात उभी होते. या वेळी हातात ब्रश नव्हता.

"आत येऊ का?" तिने विचारलं.

"विचारायचं नाही, मावशी," मी म्हणाले. "अट आहे."